झपाट्याने वाढणारा लिम्फोमा: गावाकडच्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

गळ्यातली, काखेतली किंवा जांघेतली गाठ बघता बघता मोठी झाली, तपासणी झाली आणि कागदावर 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा', 'हाय ग्रेड' किंवा 'बर्किट' असं काहीतरी लिहून आलं, की घरात जे प्रश्न उभे राहतात ते इथे घेतले आहेत. वाशीम असो की गडचिरोली, प्रश्न बहुतेक सारखेच असतात. उत्तरं सर्वसाधारण आहेत. औषध किती आणि कधी द्यायचं हे तुमच्या माणसाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. घाईत असाल तर टीबीचा आणि तापाचा प्रश्न आधी वाचा.

लिम्फोमा म्हणजे ब्लड कॅन्सरच का?

त्याच्या नात्यातला, पण ल्युकेमिया नव्हे. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी जंतूंशी लढतात. त्यांचा मुक्काम मुख्यतः लसिका ग्रंथींत, म्हणजे गळा, काख, जांघ, छाती आणि पोटातल्या बारीक गाठींत असतो. त्यांतलीच एक पेशी बिघडून वाढत सुटली की लिम्फोमा होतो. म्हणूनच रक्ताची साधी तपासणी पूर्ण नॉर्मल येऊ शकते. 'सीबीसी चांगला आहे, काही नाही' असं म्हणून कितीतरी जण निर्धास्त घरी जातात, ते याच कारणाने.

हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन मोठे गट आहेत. इथे दुसऱ्या गटातल्या वेगवान प्रकारांबद्दल लिहिलं आहे. त्यात सगळ्यांत जास्त आढळणारा डिफ्यूज लार्ज बी-सेल, आणि सगळ्यांत वेगवान बर्किट. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत डिफ्यूज लार्ज बी-सेलची सुरुवात ग्रंथींबाहेर होते: जठरात, टॉन्सिलमध्ये, हाडात, अंडकोषात, कधी मेंदूत.

रिपोर्टवर 'अॅग्रेसिव्ह' लिहिलं आहे. म्हणजे आता काही खरं नाही का?

उलट आहे, आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी नीट समजून घ्यावी. हळू वाढणारे लिम्फोमा वर्षानुवर्षं सोबत राहतात. औषधाने दबतात आणि बहुतेकदा पुन्हा डोकं वर काढतात. वेगवान प्रकारातल्या पेशी सतत दुभंगत असतात, आणि केमोथेरपीची औषधं दुभंगणाऱ्या पेशींनाच गाठतात. त्यामुळे हा आजार पूर्ण बरा होऊ शकतो. डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये नेहमीच्या पहिल्या उपचाराने दहापैकी साधारण सहा जण कायमचे बरे होतात. बर्किटची गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, तरी त्यातली लहान मुलं योग्य उपचाराने फार चांगली सुधारतात.

अट एकच, वेळ. उपचाराविना हा आजार महिन्यांत जीव घेतो, बर्किट तर काही आठवड्यांत. 'दिवाळी होऊ द्या, मग नागपूरला जाऊ' असं म्हणायला इथे जागा नाही. माझ्या पाहण्यात माणसं बहुतेकदा दोन ठिकाणी हातची जातात: निदान व्हायच्या आधी, आणि दोन केमोनंतर गाठ दिसेनाशी झाली की. बाकी सगळं सावरून घेता येतं.

कोणती गाठ दाखवायची? गाठी तर सगळ्यांनाच येतात.

बरोबर. दात किडला की जबड्याखाली गाठ येते, पायात काटा मोडला की जांघेत अवधान येतं. अशी गाठ दुखते आणि दोन-तीन आठवड्यांत बसते. जी दुखत नाही, हाताला रबरासारखी लागते आणि तीन-चार आठवड्यांनंतरही वाढतच असते, ती दाखवा. गळपट्टीच्या हाडावरची गाठ कितीही लहान असली तरी दाखवा. पूर्व विदर्भात हत्तीपायाचा आजार आहे, त्यामुळे जांघेतली गाठ त्यावरच ढकलली जाते. तसं गृहीत धरू नका.

सोबत तीन गोष्टी विचारा: कारण सापडत नाही असा ताप, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त घटलेलं वजन, आणि रात्रीचा घाम. मे महिन्यात अकोल्यात घाम कोणाला येत नाही! पण हा घाम वेगळा, कपडे आणि अंथरूण बदलावं लागेल इतका. छातीतली गाठ बाहेरून दिसत नाही. दम लागणं, सुका खोकला, चेहरा सुजणं, मानेच्या शिरा फुगणं ही तिची लक्षणं आहेत आणि अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांनी टीबी सांगून गोळ्या सुरू केल्या. महिना झाला, गाठ वाढतेच आहे. काय करायचं?

बायोप्सी मागा.

आपल्याकडे गळ्यातली गाठ म्हटलं की पहिला संशय टीबीचा येतो आणि तो चुकीचा नाही, कारण टीबी आहेच तितका. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं ही लक्षणंही दोन्हींत सारखी. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण टीबीचं औषध पुराव्यावर सुरू झालं की अंदाजाने, एवढं मात्र विचारायला हवं. पुरावा म्हणजे गाठीतल्या नमुन्याची सीबीनॅट तपासणी, कल्चर किंवा बायोप्सी. पुरावा नसेल आणि तीन-चार आठवड्यांत गाठ कमी होण्याऐवजी वाढली, नवी आली, वजन उतरत राहिलं, तर सहा महिन्यांचा कोर्स संपायची वाट बघू नका.

यात एक अडचण आहे. खऱ्या टीबीतही औषध सुरू झाल्यावर गाठ काही काळ वाढू शकते, आणि क्वचित टीबी व लिम्फोमा एकाच माणसात असतात. म्हणून 'गाठ वाढली म्हणजे कॅन्सरच' असं धरून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. गोळ्या चालू ठेवून तपासणी करून घ्यायची.

गाठीला हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो म्हणतात.

नाही. लिम्फोमा मुळातच शरीरभर फिरणाऱ्या पेशींचा आजार आहे. सुईने किंवा चिऱ्याने तो पसरत नाही. ज्यांची बायोप्सी झाली आणि नंतर आजार वाढला, त्यांचा आजार वाढतच होता.

सुईने पाणी काढून तपासलं होतं. आता पुन्हा तुकडा कशाला?

बारीक सुईच्या तपासणीत सुट्या पेशी मिळतात. लिम्फोमात पेशी कशा रचल्या आहेत हेही बघावं लागतं, आणि त्यासाठी अख्खी गाठ किंवा जाड सुईने काढलेला तुकडा लागतो. त्यावर आयएचसी नावाची तपासणी होते. तिच्यातली सीडी २० ही खूण फार कामाची, कारण रिटुक्सिमॅब हे औषध तिलाच जाऊन चिकटतं. केआय-६७ हा आकडा पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगतो. बर्किटमध्ये तो शंभर टक्क्यांच्या आसपास जातो. काही वेळा एमवायसी आणि बीसीएल-२ या जनुकांची फिश तपासणी सांगतात. दोन्हींत बदल असतील तर उपचार जास्त कडक लागू शकतो.

तुकड्याची बाटली घेऊन तुम्हालाच एसटीने लॅबमध्ये जावं लागलं, तर निघण्याआधी विचारून घ्या: तुकडा फॉर्मॅलिनमध्येच ठेवला आहे ना? सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. रिपोर्ट आला की मेणाचा ब्लॉक आणि काचा मागून घ्या, किंवा त्या कुठे आहेत ते लिहून घ्या. पुढे कुठल्याही मोठ्या दवाखान्यात गेलात तरी पहिल्यांदा तेच मागतात. घरच्या कपाटात ठेवाल तर उन्हापासून लांब ठेवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात मेण वितळतं.

गाठ उतरायला गावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि गाठ खरंच बसली.

ते बहुधा स्टेरॉइड असावं. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या मरतात, गाठ उतरते, माणसाला तरतरी येते. पण त्यानंतर काढलेल्या तुकड्यात निदान धड होत नाही आणि आजार काही आठवड्यांत दुप्पट जोराने परततो. बायोप्सीआधी स्टेरॉइड नको. श्वास अडकतो आहे अशी वेळ असेल तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय मोठ्या दवाखान्यातला. इंजेक्शन आधीच घेतलं असेल तर लपवू नका, तारीख सांगा.

स्टेज चार आहे. मग उपचार करून उपयोग आहे का?

आहे. फुप्फुसाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरमधली चौथी स्टेज आणि इथली चौथी स्टेज यांत फार अंतर आहे. इथे चौथी म्हणजे आजार अस्थिमज्जा, यकृत अशा ग्रंथींबाहेरच्या जागीही पोहोचला आहे. तरीही उद्देश बरं करण्याचाच असतो. डॉक्टर फक्त स्टेजवर जात नाहीत. वय साठच्या वर आहे का, रक्तातलं एलडीएच वाढलं आहे का, माणूस स्वतःचं स्वतः करतो की खाटेला खिळला आहे, ग्रंथींबाहेर किती ठिकाणी आजार आहे, हे सगळं मिळून अंदाज बांधतात. ही पद्धत १९९३ पासून जगभर वापरात आहे.

आजार शरीरात कुठे कुठे आहे हे दाखवणारा पेट स्कॅन नागपुरात होतो. परवडत नसेल तर सीटी स्कॅन आणि अस्थिमज्जेच्या तपासणीवरही उपचार सुरू करता येतो. स्कॅनच्या पैशांसाठी महिना घालवण्यापेक्षा ते बरं.

नागपूर की मुंबई?

नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय), मिहानमधलं एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. पहिल्या उपचाराची औषधं परळच्या टाटाला जी मिळतात तीच इथेही. माझं स्पष्ट मत: मुंबईला दोन केमो घेऊन दमून थांबण्यापेक्षा वर्ध्याला सहाच्या सहा पूर्ण करणं कधीही चांगलं. निदानच पटत नसेल, प्रकार दुर्मिळ असेल किंवा आजार उलटला असेल, तर टाटाचा सल्ला जरूर घ्या.

मुंबईला जावंच लागलं, तर कर्करुग्णांना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला त्यात पाऊण सवलत आहे. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, बाबांच्या नावाने टाटाच्या रुग्णांसाठी चालते. जागा मात्र आधी चौकशी करून मिळवावी लागते.

केमो म्हणजे नेमकं काय देतात?

बहुतेकांना आर-चॉप मिळतं. रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन ही चार सलाइनमधून, आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस. दर २१ दिवसांनी एक फेरी, साधारण सहा फेऱ्या. रिटुक्सिमॅब सोडून उरलेल्या चार औषधांचं 'चॉप' १९७० च्या दशकापासून आहे. रिटुक्सिमॅब त्यात मिसळल्यावर बरे होणाऱ्यांचं प्रमाण ठळक वाढलं, हे २००२ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. २००७ पासून भारतीय कंपन्यांचं रिटुक्सिमॅब मिळू लागलं आणि किंमत उतरली. बर्किटला याहून कडक, दवाखान्यात भरती होऊन घ्यायचा उपचार लागतो. ऐंशीच्या पुढच्या आजोबा-आजींना कमी मात्रेत देतात.

काय काय होईल? पहिल्या रिटुक्सिमॅबच्या वेळी थंडी वाजू शकते, अंग खाजू शकतं, म्हणून ते तासन् तास हळूहळू सोडतात. तो अख्खा दिवस त्यासाठीच ठेवा. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं आहे, त्या दिवशी लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. पण सुई लावलेल्या जागी आग होऊ लागली तर 'सहन करतो' म्हणू नका, सिस्टरला तत्काळ हाक मारा. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. व्हिन्क्रिस्टिनने बोटांना मुंग्या येतात आणि पोट कडक होतं. आपल्याकडे बापे याबद्दल बोलत नाहीत आणि चौथ्या दिवशी पोट फुगून दवाखान्यात येतात. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागा. केस दोन-तीन आठवड्यांत गळतात, उपचार संपल्यावर परत येतात.

प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मूठभर वाटतात म्हणून अर्ध्याच घेतात, असंही घडतं. तो उपचाराचाच भाग आहे. सकाळी जेवून घ्या, नाहीतर रात्री झोप येत नाही. साखरेचा आजार असेल तर त्या पाच दिवसांत साखर भडकते, ती तपासा.

सुरू करण्याआधी इतक्या तपासण्या कशासाठी?

डॉक्सोरुबिसिन हृदयावर ताण देतं म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रिटुक्सिमॅबने लपून बसलेली हिपॅटायटिस बी ची कावीळ उफाळू शकते, कधी जिवावर बेतते, म्हणून त्याची तपासणी. निघालीच तर गोळी देऊन केमो करता येते. एचआयव्हीत लिम्फोमाचा धोका जास्त असतो, म्हणून तीही. एचआयव्ही निघाला तरी दोन्हींवर सोबत उपचार होतो.

आणि आपल्या भागासाठी एक खास: घरात कोणाला सिकलसेल असेल तर आपणहून सांगा. विदर्भात तो भरपूर आहे. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं जे इंजेक्शन केमोनंतर देतात, त्याने सिकलसेलच्या रुग्णाला जीवघेणा झटका येऊ शकतो. सिकलसेलचं लाल कार्ड, पिवळं कार्ड, जे असेल ते फाइलला लावा.

पहिल्या फेरीत मोठी गाठ एकदम विरघळते आणि तिचा कचरा मूत्रपिंडावर येतो, म्हणून अॅलोप्युरिनॉलची गोळी आणि भरपूर पाणी. ती गोळी 'साधी आहे' म्हणून सोडू नका.

केमोनंतर ताप आला तर?

रात्री दोन वाजता आला तरी निघायचं.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे आणीबाणी; शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर, शक्यतो तासाभरात सुरू व्हायला हवं. घरात थर्मामीटर हवाच, हात लावून ताप बघणं पुरेसं नाही. न मोजता पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढत राहतो. ताप नसून नुसती हुडहुडी भरली, माणूस गळून गेला, तरी तेच समजा. गुदद्वारातून थर्मामीटर किंवा बत्ती लावू नका.

पावसाळ्यात आपल्याकडे मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस सगळंच असतं. त्यामुळे गावात 'व्हायरल आहे, सलाइन लावू, उद्या बघू' असं सहज होतं. एका चिठ्ठीवर ठळक लिहून ठेवा: 'लिम्फोमा, केमो अमुक तारखेला झाली, ताप आल्यास पांढऱ्या पेशी तपासून लगेच शिरेतून अँटिबायोटिक द्यावे', आणि खाली तुमच्या दवाखान्याचा नंबर. ती चिठ्ठी रुग्णाच्या खिशात. १०८ ला फोन करा. मोठा दवाखाना दोन-तीन तास लांब असेल तर वाटेतल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पहिला डोस घेऊन पुढे जाता येतं का, हे पहिल्या केमोच्या वेळीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मेळघाटात किंवा भामरागडकडे राहणाऱ्यांनी ते दहा-बारा दिवस तालुक्याला पाहुण्यांकडे राहिलेलं बरं.

पेशी वाढवायचं इंजेक्शन घरी नेऊन दुसऱ्या दिवशी घ्यायला सांगितलं. न्यायचं कसं?

थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत, पण बर्फाला थेट चिकटवून नाही. गोठलं की वाया गेलं. दोन ते आठ अंश हवं. गावात लाइन जात असेल तर आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये ठेवू देतात का विचारा आणि तिथल्याच सिस्टरकडून टोचून घ्या.

दोन केमोत गाठ गायब झाली. आता पेरणी आहे. थांबलं तर चालेल ना?

नाही चालणार. डोळ्याला आणि हाताला न लागणाऱ्या लाखो पेशी शिल्लक असतात. वावरातला कुंदा वरून कापला म्हणून जात नाही, हे कास्तकाराला मी सांगायला नको. मध्येच सोडलेला आजार परततो तेव्हा पहिल्या औषधांना दाद देईलच असं नाही. मग जास्त कडक, जास्त महाग उपचार, आणि बरं होण्याची शक्यता कमी.

न येण्याची कारणं मला ठाऊक आहेत. मृग लागला की पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी, मधे एखादं लग्न. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून पहिल्याच दिवशी कॅलेंडर घेऊन बसा आणि सहाही तारखा मांडा. सोबतीला एकच माणूस सहाही वेळा जाईल असं धरू नका. भाऊ, जावई, पुतण्या, वाटून घ्या. बटाईने किंवा सावडीने वावर करता येतं. एखाद-दुसऱ्या दिवसाची अडचण असेल तर डॉक्टरांना फोन करून तारीख सरकवून घ्या, पण आपल्या मनाने तीन आठवडे नाही. पांढऱ्या पेशी कमी म्हणून दवाखान्यानेच तारीख पुढे ढकलली तर गोष्ट वेगळी.

सिस्टरला, आशाताईंना, बाजूच्या घरच्यांना तारखा माहीत असू द्या. आठवण करून देणारं कोणी असलं की फेऱ्या कमी चुकतात.

खायचं काय? पथ्य काय?

ताजं, शिजवलेलं, घरचं. भाकरी, वरण-भात, भाजी, अंडी, उकळलेलं दूध, नीट शिजवलेलं मटण-चिकन. 'कॅन्सरला दूध-अंडं चालत नाही' हे खरं नाही. वजन टिकलं तर केमो झेपते. तिखट बंद करा असं नाही, पण तोंड आलं असताना सावजी रस्सा कोणाच्याही हौसेने खाऊ नका. कच्च्या कोशिंबिरी, उघड्यावरचे पदार्थ, उसाचा रस पेशी कमी असताना टाळा. संत्री स्वतः सोलून खायला हरकत नाही. विहिरीचं पाणी उकळून.

खर्रा बंद. तोंडात आधीच फोड असतात, त्यात चुना-तंबाखू.

जडीबुटी आणि काढे यांबद्दल: केमो चालू असताना नको. काही यकृताला बाधतात, काहींत स्टेरॉइड किंवा धातू मिसळलेले असतात. आधीपासून घेत असाल तर डॉक्टरांना पुडी दाखवा. रागावतील, पण सांगा.

उन्हाळ्यात केमो घेतली तर चालते का?

चालते, थांबायचं नाही. सायक्लोफॉस्फमाइड लघवीच्या पिशवीला बाधतं, म्हणून पाणी जास्त हवं आणि ४५ अंशांत ते आणखी जास्त. सकाळच्या गाडीने जा. लघवीतून रक्त किंवा आग असेल तर कळवा.

पैशाचं कसं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती; अमरावती विभागातले पाचही जिल्हे आणि वर्धा इथल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हे म्हणून आधीच घेतलं होतं. आता राज्यातल्या इतर कुटुंबांनाही ती खुली केली आहे. दवाखान्यात शिरल्यावर आरोग्यमित्राचा टेबल शोधा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधीच तहसीलमधून दुरुस्त करून घ्या, ऐन वेळी यातच दिवस जातात. मदतीचा नंबर १५५३८८.

दोन गोष्टी सरळ विचारा: या दवाखान्यात ही योजना केमोसाठी लागू आहे का, आणि रिटुक्सिमॅब त्यात धरलं आहे का. बायोप्सी-स्कॅनचा खर्च खिशातून जाऊ शकतो, म्हणून निदान शक्यतो मेडिकल कॉलेजमध्ये करा. वावर गहाण टाकण्याआधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज तेच भरून देतात.

फवारणीमुळे झाला असेल का?

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून हा प्रश्न येतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन हे कीटकनाशक नॉन-हॉजकिन लिम्फोमाला कारणीभूत ठरवलं आणि ग्लायफोसेट हे तणनाशक 'बहुधा कारणीभूत' गटात टाकलं. पण एखाद्या माणसाचा आजार अमुक डब्यामुळेच झाला, हे सांगता येत नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही. उपचारही त्याने बदलत नाही. उपचार चालू असताना मात्र रुग्णाने फवारणी करू नये, औषध कालवूही नये.

हा लागट आहे का? पोरांना होईल का?

दोन्ही नाही. ताट-वाटी वेगळी ठेवू नका, नातवंडांना जवळ घेऊ द्या. फक्त सर्दी-तापाचं पोर लांब ठेवा. केमोनंतर दोन दिवस लघवी-संडासवर भरपूर पाणी टाका आणि मळलेले कपडे वेगळे धुवा, एवढंच.

लग्न व्हायचं आहे किंवा मूल हवं आहे अशांनी केमोआधीच विचारावं. पुरुषांचं वीर्य गोठवून ठेवता येतं. उपचार चालू असताना आणि रिटुक्सिमॅब संपल्यावर वर्षभर गर्भ राहू देऊ नये.

बाबांना सांगायचं का?

सांगावं, असं मला वाटतं. सहा वेळा सलाइन लावून घेणाऱ्या माणसाला सगळं कळतंच. न सांगितल्याने तो एकटा पडतो. 'गाठीचा कॅन्सर आहे, औषध आहे, सहा वेळा यायचं आहे' एवढं पहिल्या दिवशी पुरे. तापाचं मात्र त्यांना स्वतःला माहीत हवं, नाहीतर ते लपवतात.

आजार उलटला तर?

उलटायचा तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. दोन वर्षं सुखरूप गेली की धोका खूप उतरतो. उलटला तरी दुसरी औषधं देतात, आणि ती लागू पडली व माणूस धडधाकट असला तर त्याच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण करतात. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून विकसित केलेल्या देशी कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, बदलून परत सोडतात. परदेशापेक्षा खूप स्वस्त, तरी खर्च लाखांतच, आणि तो सगळ्यांना लागू पडत नाही. उपाय उरला नाही असं डॉक्टर म्हणाले तर दुखणं आणि दम कमी करणारा उपचार तरी मागून घ्या, तो घरीही देता येतो.

सहा झाल्या. वावरात कधी जायचं?

शेवटच्या केमोनंतर सहा ते आठ आठवड्यांनी स्कॅन करतात. तो स्वच्छ आला आणि पेशी भरून आल्या की हलकं काम सुरू करता येतं. पूर्वीचा दम यायला बरेच महिने लागतात. बोटांच्या मुंग्या असेपर्यंत विळा आणि कडबा कापायचं यंत्र जपून, अनवाणी चालणं नको. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं, नंतर अंतर वाढतं. मधेच गाठ लागली, घाम किंवा ताप सुरू झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं, आणि जाताना पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक कुठे आहे ती चिठ्ठी सोबत न्यायची.